उपाशी घोडा

कुयिलीचा घोडा भट्टीत फुटला आणि माझा रांजण घेऊन गेला, तेव्हापासून मी तिच्याशी नीट बोलत नव्हते. अठ्ठावीस वर्षांची बाई, पण कुणाचं ऐकेल तर शपथ. बोलणं थोडं, शिकणं सावकाश, हट्ट मात्र दांडगा. जनावर करायचं तर मातीचा गोळा ठोकून भरीवच करणार. भरीव मातीच्या पोटात ओल राहते, आगीत तिची वाफ होते, आणि वाफेला वाट मिळाली नाही की घोडा स्वतः तर फुटतोच, शेजारच्या भांड्यांचाही निकाल लावतो.

पुदुच्चेरीबाहेर सुरूच्या बनाला लागून आमची सामायिक कार्यशाळा आहे. भट्टी एकच, त्यामुळे सगळ्यांचं काम एकत्र भाजलं जातं. भट्टी सांभाळतो इरुदयम, चाकाच्या खुर्चीत बसून. तेन्मोळीला ऐकू येत नाही, तिच्या पणत्यांना मात्र चेन्नईहून मागणी असते. मला राग येतो, आणि त्यावर अजून इलाज निघालेला नाही. कोणाला काय जमत नाही याची इथे चौकशी होत नाही. नियम मात्र सगळ्यांना सारखा. ज्याचं काम फुटून दुसऱ्याचं बिघडवेल, त्याने पुढची भट्टी थांबायचं. हा नियम मीच भांडून करून घेतला होता.

कुयिली एक भट्टी थांबली. रोज आईबरोबर, अंजलैबरोबर, बसने यायची आणि कोपऱ्यात बसून तोच घोडा पुन्हा घडवायची. त्यांच्या गावाच्या वेशीवर अय्यनारची राई आहे. देव रात्री घोड्यावर बसून गावाची राखण करतो, म्हणून लोक नवसाचे मातीचे घोडे तिथे उभे करतात. लहानपणी कुयिली मोठ्या तापातून उठली तेव्हा तिच्या वडिलांनीही एक उभा केला होता. पुढे वडील गेले, घोडाही पावसापाण्यात ढासळला. यंदाच्या जत्रेत नवा घोडा तिला स्वतःच्या हातचा द्यायचा होता. तिच्या मामाचं म्हणणं वेगळं. "कुंभाराकडून आणू की. हिचा फुटका घोडा नेऊन गावात हसं करून घ्यायचंय का?"

जत्रेआधी आता एकच भट्टी उरली होती. इरुदयमने घोड्याच्या पोटावर बोटाने टिचकी मारली. "भरीव आहे गं. असा आत घेता येणार नाही."

"पोकळ कर ना बाई," अंजलै काकुळतीला आली. "एवढे सगळे सांगतायत."

कुयिलीने मान हलवली. "उपाशी राहील."

"कोण?"

"घोडा. रात्रभर फिरायचंय त्याला. पोट रिकामं कसं ठेवू?"

किती दिवस आम्ही तिला ओल, वाफ आणि आग समजावत होतो. ती का ऐकत नाही, हे एकाही शहाण्याने विचारलं नव्हतं. मला वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणजे मी चिडते.

"मग जेवायला घाल त्याला," मी खेकसले. "काय खातो घोडा?"

"पेंढा."

"पोट उघड, पेंढा कोंब आणि शिवून टाक. जाऊ दे जेवून भट्टीत."

बोलता बोलता मीच थबकले. इरुदयमही माझ्याकडे बघायला लागला. पेंढा आगीत जळून जाणार. म्हणजे घोडा आत जाताना पोटभर जेवलेला असणार, आणि मातीचा थर मात्र पातळ.

"अक्का," तो म्हणाला, "तुझ्या रागाचा आज पहिल्यांदा उपयोग झाला."

कुयिलीने तारेने पोट कापलं, आतली माती कोरून काढली, भाताचा पेंढा भरला आणि वर आपल्या डब्यातले मूठभर चुरमुरे टाकले. मग ओल्या मातीने चीर बुजवली.

"वाफ जायला एक भोक लागेल," इरुदयम म्हणाला. "कुठे पाडूया?"

ती त्याच्याकडे कीव आल्यासारखी बघत राहिली. "अण्णा, खाल्लेलं कुठून बाहेर जातं?" आणि बांबूची काडी घेऊन तिने शेपटीखाली नेमकं भोक पाडलं. इरुदयम इतका हसला की खुर्ची गदगदली.

घोडा सावलीत सुकला. भट्टी रचायचा दिवस आला. घोडा मधल्या कप्प्यात ठेवला आणि त्याच्या आजूबाजूची जागा तशीच रिकामी राहिली. मागचा स्फोट कुणी विसरलं नव्हतं. अंजलै पदराचं टोक पिळत उभी होती. तेन्मोळीने सगळ्यांकडे एकदा पाहिलं, आपल्या पणत्यांची परडी उचलली आणि घोड्याच्या चारी पायांपाशी पणत्या मांडल्या. मग एकेक जण पुढे झाला. शेवटी मी माझा नवा रांजण आणून त्याला खेटून ठेवला. घाईत केलेला होता, बूड जरा दमट होतं, पण माझं काम मला कोण शिकवणार?

सकाळी आग लावली. ऊन वर येतंय तोच आतून धप्प असा आवाज आला.

कुयिली उठून भट्टीसमोर बसली ती हललीच नाही. मी मनात त्या अय्यनारशी भांडत होते. घोडा तुझाच आहे, जरा लक्ष दे म्हणत होते.

भट्टी थंड झाल्यावर इरुदयमने विटा काढल्या. घोडा उभा होता. पिकलेल्या मिरचीसारखा लाल, मान ताठ, एका कानाचा फक्त टवका उडालेला. पणत्याही शाबूत होत्या. शेजारी खापऱ्यांचा ढीग होता, आणि तो माझ्या रांजणाचा होता.

कुयिलीने घोडा उचलून हलवला. शेपटीखालून चिमूटभर राख भुरभुरत बाहेर आली.

"खाल्लं," ती म्हणाली. "सगळं पचलं." आणि अशी हसली की अंजलै रडायलाच लागली. मलाही आवरेना.

मग माझ्या खापऱ्यांकडे बघून ती हळूच म्हणाली, "अक्का, हा उपाशी होता."

जत्रेत घोडा मामाने स्वतः डोक्यावर घेतला. पुढे ढोल, मागे आख्खी कार्यशाळा. राईतल्या उंचसखल वाटेवर इरुदयमची खुर्ची गावातल्या पोरींनी उचलून नेली. पुजाऱ्याने घोड्याच्या गळ्यात हार घातला. गर्दीतून कुणीतरी विचारलं, "कुठल्या कुंभाराचा हो?"

मामाने घसा साफ केला. "घरचाच आहे. आमच्या कुयिलीने केलाय."

पुढची भट्टी माझ्याशिवाय लागणार होती. घोड्याच्या कानाचा टवका माझ्या रांजणाने उडवला होता आणि नियम माझाच होता. मी हे कुयिलीला सांगितलं, तेव्हा तिने पिशवीत हात घातला आणि पेंढ्याची एक जुडी माझ्या हातात ठेवली.

"तिच्या पुढच्या भट्टीला," ती म्हणाली. "रांजणाला आधी जेवायला घाल."