खिडकीचे गज

पाय जुळवा.

बाईंनी मागून शिंपिणीच्या डाव्या खांद्यावर दोन बोटं ठेवली आणि दाबली.

"अजून. हा खांदा वर राहतोय तुझा."

"मशीन चालवून चालवून वाकडी झालेय बाई मी," म्हणत शिंपीण डावीकडे झुकली.

"आता कशी सुतासारखी सरळ!"

शेजारचे मास्तर नोकरीतून सुटल्यापासून पोटाने पुढे आले होते. बोटं टेकायच्या आतच तेही डावीकडे सरकले.

"आमचं कसलं ताडासन, बाई. माडासन!"

गुडघ्याच्या वाट्या वर ओढा.

पक्षाघाताचा हलका झटका येऊन गेल्यापासून बाईंच्या हाती काठी आली होती. बाकी काही बदललं नाही, असं त्या सांगत. लेक फोनवर मागे लागलेली, आई, पुरे झालं, माझ्याकडे ये.

"ज्या दिवशी माझी नजर चुकेल, त्या दिवशी आपणहून वर्गाला कुलूप घालीन. तोवर विषय काढू नकोस."

नजर चुकत नव्हती. चुकलं होतं ते घरमालकाचं. समोरच्या खिडकीचे गज चांगलेच उजवीकडे कलले होते. "सुताराला बोलवा," बाई सांगत. "सांगतो," मास्तर म्हणत. सुतार काही येत नसे.

पाठ ताठ.

त्या सकाळी बाईंना उशीर झाला. दार अर्धं उघडं होतं. काठी काखेत धरून त्यांनी चपला काढल्या आणि आत डोकावलं. सगळे पाठमोरे, खिडकीकडे तोंड करून उभे. सगळेच्या सगळे उजवीकडे कललेले.

जरा नजरेआड झालं की संपलं! बाईंना हसू आलं. त्यांनी काठी टेकली.

टक्.

आवाजासरशी सगळ्या पाठी हलकेच डावीकडे सरकल्या. एकदम. सवयीने. आता सगळे सरळ.

गज तेवढे होते तसेच.

मान.

बाई उंबऱ्यातच थांबल्या. त्यांनी गजांकडे पाहिलं. पाठींकडे पाहिलं. पुन्हा गजांकडे. मघाशी दोन्हींचा कल एकच होता.

"सरळ आहोत ना, बाई?" मास्तरांनी न वळता विचारलं.

"आहात. सुताराला राहू द्या आता."

कुणीच वळून पाहिलं नाही.

श्वास सोडा.

त्या दिवशी बाईंनी कुणाच्या खांद्याला हात लावला नाही. सगळे गेल्यावर शिंपीण नेहमीसारखी किल्ली घेऊन दाराशी उभी राहिली.

"आण इकडे. आज कुलूप मी घालते."

"बाई, आम्ही आपलं..."

"कळलं गं मला. आधी एकदा मला सरळ उभी कर."

बाईंनी काठी भिंतीला लावली, पाय जुळवले, हात सोडले. शिंपिणीने त्यांच्या उजव्या खांद्यावर दोन बोटं ठेवली. पुढे तिचा हात धजेना.

"पडतेय, असं म्हणेन मी," बाई म्हणाल्या. "तरी दाब."