खांद्यावरचा लाल चिमटा

मंगळवारी सकाळी दहा पंचवीसला ताईने सिंकचा नळ सोडला, चिमट्यासाठी एप्रनच्या खिशात हात घातला आणि हात तिथेच राहिला. खिशात चिमटा नव्हता. खांद्याच्या पट्ट्यावरही नव्हता.

ताईसाठी घर नवीन होतं. निवृत्त मुख्याध्यापिकेचं. बाई स्वयंपाकघराच्या दाराशी खुर्ची टाकून बसल्या होत्या. मांडीवर वर्तमानपत्र होतं, पण पान गेली दहा मिनिटं उलटलं नव्हतं.

"काय हरवलं?"

"चिमटा."

"चिमट्याने घर पुसता का तुम्ही?"

ताईने नळ बंद केला. एरवी ती हसली असती.

ताई एकटीने घरं साफ करायची. हाताखाली कोणी नव्हतं आणि तिला नकोही होतं. चार वर्षांपूर्वी दोन घरं होती, आता आठवड्याला अकरा झाली होती. रोज दोन, शनिवारी एक. अकराही घरांच्या चाव्या तिच्याकडे असत आणि बहुतेक घरांत ती काम करताना कोणी नसे. फोन सासूबाई घ्यायच्या. ताईला कोणाला नाही म्हणता येत नसे. सासूबाईंना त्यात आनंद होता. फ्रिजवरच्या कॅलेंडरसमोर उभं राहून त्या सांगायच्या, "सूनबाईचं कॅलेंडर तीन महिने भरलेलं आहे. नाव लिहून ठेवते, आशा ठेवू नका."

रिकाम्या घरात काम करण्याचे धोके ताईला माहीत होते. सगळ्यात मोठा धोका पाण्याचा. म्हणून तिने स्वतःसाठी एक नियम केला होता. कुठलाही नळ वाहता ठेवून दुसऱ्या कामाला वळायचं असेल, तर कपडे वाळत घालायचा लाल चिमटा खांद्याच्या पट्ट्याला लावायचा. नळ बंद केला की काढायचा. घराबाहेर पडताना खांदा चाचपायचा. खांदा मोकळा असेल तर कुलूप लावायचं. चार वर्षांत या नियमाने तिला एकदाही फसवलं नव्हतं. त्यामुळे आठवण ठेवायची सवयच सुटली होती.

आता सिंकसमोर उभी राहून ती सकाळ मागे मागे नेऊ लागली.

पहिलं घर बँकेतल्या बाईंचं, तिसऱ्या मजल्यावर. बाई लेकीकडे गेलेल्या, शुक्रवारी परतणार. तिथलं शेवटचं काम ठरलेलं होतं. सिंकला बूच लावायचं, सोडा टाकायचा आणि गरम पाणी भरायला ठेवायचं. गिझर जुना, धार काडीएवढी बारीक, सिंक भरायला अर्धा तास लागायचा. तेवढ्यात बाकीचं आवरायचं, मग नळ बंद करून बूच काढायचं. आज कचऱ्याची पिशवी उचलली तशी ती तळाशी फाटली. दुसरी पिशवी शोधायला वेळ नव्हता, आज सिंक पूर्ण भरायची वाट बघायलाही नव्हता. सव्वादहाला मुख्याध्यापिकेकडे पोचायचं होतं. ताईने पिशवीची फाटकी कड मुरडली आणि हाताशी जे सापडलं ते लावलं.

हाताशी खांद्यावरचा चिमटा होता.

मग दार. खांद्यावरून हात. खांदा मोकळा. कुलूप.

"अहो, काय झालं?" मुख्याध्यापिकांनी विचारलं.

"मला जायला हवं. एका घरी नळ उघडा राहिला असावा."

"असावा?"

"बंद केल्याचं आठवतंय मला. पण ते आजचं की मागच्या मंगळवारचं, ते सांगता येत नाही."

मुख्याध्यापिकांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "पस्तीस वर्षं शाळा चालवली मी. तास अर्ध्यावर टाकून गेलेल्याला परत वर्गात घेतलं नाही."

"मग नका घेऊ," ताई म्हणाली. एप्रन काढायचंही तिला सुचलं नाही.

बस मिळाली दहा बत्तीसला. उतरायचं चौथ्या थांब्यावर. ताई दाराजवळच्या दांड्याला धरून उभी राहिली आणि मनात सिंक भरू लागली. नळ सोडला पावणेदहाला. सिंक काठोकाठ सव्वादहाला. त्या सिंकला जादा पाणी जायला वरच्या बाजूला भोक नव्हतं. म्हणजे गेली सतरा मिनिटं पाणी ओट्यावरून खाली. आधी स्वयंपाकघराची फरशी. फरशीच्या पुढे उंबरा नाही. पुढे दिवाणखाना, आणि दिवाणखान्यात दोन महिन्यांपूर्वी बसवलेली लाकडी जमीन. बँकेतल्या बाईंनी ती जमीन दाखवताना ताईला चपला दाराबाहेर काढायला लावल्या होत्या आणि स्वतःही काढल्या होत्या.

तिने घरी फोन लावला.

"या वेळेला?" सासूबाई म्हणाल्या. "साडेबाराच्या घराला अजून वेळ आहे. दोन तास काय करत्येस मधे?"

"मी एक घर घेतलं होतं. तुम्हाला न सांगता."

"कॅलेंडरवर नाही ते."

"म्हणूनच सांगितलं नाही. त्या बाई जिन्यात भेटल्या, मागेच लागल्या. मला नाही म्हणवेना."

"ते ठाऊक आहे मला, लग्नाच्या वेळेलाच कळलं होतं. पुढचं बोल."

ताईने पुढचं सांगितलं. सासूबाईंनी मध्ये एकदाही तोंड घातलं नाही, आणि ताईला त्याचीच जास्त भीती वाटली.

"त्या मजल्यावर पाण्याचा कॉक कुठे आहे?" सासूबाईंनी विचारलं.

"जिन्यात. दाराशेजारच्या लहान कपाटात."

"त्याला कुलूप?"

"नाही."

"मग खालच्या डॉक्टरांच्या बायकोला फोन कर. एक जिना चढायचा आणि कॉक फिरवायचा. दोन मिनिटांचं काम."

"नको."

"का नको?"

कारण सासूबाईंनाही माहीत होतं. अकरांपैकी चार घरं डॉक्टरांच्या बायकोने मिळवून दिली होती. ती वहिनी दिवसभर बोलायची. लिफ्टमध्ये बोलायची, दुकानात बोलायची, दवाखान्यात नंबर लावून बसलेल्या लोकांशी बोलायची. ताईचं काम तिच्या तोंडून पसरलं होतं. चावी देऊन निर्धास्त राहावं अशी बाई, हे तिचं वाक्य होतं. आज संध्याकाळपर्यंत त्याच तोंडून दुसरं वाक्य निघालं, तर उरलेल्या दहा घरांत ताईची चावी किती दिवस राहील?

आणि नळ कदाचित बंदही असेल. स्वतः जाऊन गुपचूप बघितलं, पुसलं, तर कोणाला कळणार होतं?

"ठेवते," ती म्हणाली.

बस सिग्नलला थांबली. दिवा हिरवा झाला, पुढचा टेम्पो हलेना. ड्रायव्हरने हॉर्न दिला. टेम्पोवाला खाली उतरून चाक बघू लागला. दहा एकोणचाळीस. काडीएवढी धार. ताईला तिचा आवाजही आठवत होता, आणि लाकडी फळ्यांच्या मधल्या फटीही. त्या फटी ती दर मंगळवारी कोरड्या फडक्याने पुसायची. ओलं फडकं चालत नाही, असं बाईंनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं.

दहा चाळीसला तिने डॉक्टरांच्या घरी फोन केला.

"अगं ताई! आत्ताच तुझं नाव काढलं होतं मी," वहिनी म्हणाली. "दवाखान्यातली एक विचारत होती..."

"वहिनी, वर जा. तिसऱ्या मजल्यावर, दाराशेजारचं कपाट उघडा आणि डावीकडचा कॉक बंद करा. माझ्याकडून नळ उघडा राहिलाय. पळा."

वहिनी एक शब्दही न बोलता पळाली. फोन चालूच होता. ताईला सपाता ऐकू आल्या, जिना ऐकू आला, धाप ऐकू आली, मग लोखंडाची करकर.

"फिरवला," वहिनी म्हणाली. मग हळूच, "ताई, दाराखालून पाणी नाही आलेलं. पण माझ्या स्वयंपाकघराच्या छताला रुमालाएवढा डाग आहे. मला वाटलं, जुनाच आहे."

म्हणजे नळ उघडाच होता.

अकरा वाजायला दहा मिनिटं असताना ताईने कुलूप उघडलं. चपला बाहेर काढल्या. स्वयंपाकघराच्या फरशीवर पाणी होतं. ते कडेने दिवाणखान्यात शिरलं होतं, पण पहिल्या तीन फळ्यांवर थांबलं होतं. तिने आधी फळ्या कोरड्या केल्या, मग फरशी, मग सिंकचं बूच काढलं. वहिनी दारात उभी होती, आत आली नाही.

"बाई शुक्रवारी येणार," वहिनी म्हणाली. "तोवर वाळेलही. डाग माझ्या छतावर आहे. मी काही बोलायची नाही."

ताईने तिच्याकडे बघितलं. वहिनीला हे बोलणं किती जड गेलं असेल, हे तिला दिसत होतं.

"मीच बोलते," ताई म्हणाली, आणि बँकेतल्या बाईंना फोन लावला. सगळं सांगितलं, चिमट्यासकट. फळ्या बदलाव्या लागल्या तर तो खर्च माझ्याकडे, हेही सांगितलं.

"मी आल्यावर बघते," एवढंच बाई म्हणाल्या.

पुढचे तीन दिवस ताई रोज कामं संपवून तिथे गेली. पंखा लावायचा, खिडकी उघडायची, पालथं पडून फळ्यांच्या कडा बघायच्या. पहिली आणि दुसरी सरळ झाली. तिसरीची कड उचललेली राहिली. बोट फिरवलं तर कळायची, डोळ्यांना नाही.

शुक्रवारी संध्याकाळी बाईंनी बॅग दाराशी ठेवली, चपला काढल्या आणि अनवाणी चालत दिवाणखाना पार केला. पहिली फळी. दुसरी. तिसरीवर पाय थांबला. अंगठा कडेवरून पुढे गेला, मागे आला.

"इथे."

"हो," ताई म्हणाली.

बाईंनी खिडकी बघितली, सिंक बघितलं, ओटा बघितला. मग हात पुढे केला.

ताईने जुडग्यातून चावी काढली. कडी घट्ट होती, नख मोडलं. चावी बाईंच्या हातावर ठेवली आणि ती वळली.

"मंगळवारी सकाळी सहाला या," बाई म्हणाल्या. "आठला निघते मी. मी असेन तेव्हाच काम."

"येईन."

"आणि तो चिमटा..."

"नवीन आणलाय. दोन. एक पिशव्यांसाठी वेगळा, पांढरा."

बाईंनी मान हलवली. हसल्या नाहीत.

घरी आली तेव्हा सासूबाई कॅलेंडरसमोर पेन घेऊन उभ्या होत्या. रोजच्या दोन घरांच्या मध्ये त्यांनी जाड रेघ ओढली होती. प्रत्येक रेघेवर लिहिलं होतं, "इथे कोणाला घ्यायचं नाही."

"चावी गेली," ताई म्हणाली. "घर राहिलं. मंगळवारी सहाला."

सासूबाईंनी मंगळवारच्या चौकटीत सहाचा आकडा घातला. दहा चाव्या त्यांनी ताईच्या हातात बघितल्या, पण मोजल्या नाहीत.

"तुझ्या त्या मुख्याध्यापिकेचा फोन आला होता. विचारत होती, नळ बंद होता की उघडा."

"काय सांगितलंत?"

"उघडा होता म्हणून सांगितलं."

"मग?"

"मग म्हणाली, उरलेलं स्वयंपाकघर कधी करणार."

ताई खुर्चीत बसली. मंगळवारपासून ती अशी पहिल्यांदाच बसली होती. "आणि तुम्ही?"

"मी काय," सासूबाई पेनाला टोपण लावत म्हणाल्या. "नाव लिहून ठेवलं. कॅलेंडर तीन महिने भरलेलं आहे म्हटलं, आशा ठेवू नका."