वाजलेला ग्लास

काचेच्या ग्लासावर चमचा तीनदा वाजला आणि नवीन पनवेलपासून विचुंब्यापर्यंत संध्याकाळचे पाच वाजले. भिंतीवरच्या घड्याळात अजून चार सत्तावन्न झाले होते, पण या टापूत अलीचाचांच्या ग्लासाला जेवढा मान होता तेवढा घड्याळाला नव्हता.

"तर मंडळी," अलीचाचा माइकजवळ सरकत म्हणाले, "आज ऐका त्या बोंबलाची गोष्ट, ज्याला पोहता येत नव्हतं."

पिठाच्या गिरणीवरच्या दीड खोलीत हा रेडिओ चालायचा. त्याचा आवाज दहा किलोमीटर जायचा, वारा मेहेरबान असला तर अकरा. अलीचाचांकडे दोन कामं होती. रोज पाच ते साडेपाच गप्पा मारायच्या. आणि दिवसभरात लागतील तशा धोक्याच्या सूचना वाचायच्या. गाढी नदीचं पाणी चढलं, हायवेला टँकर उलटला, उद्या भरती मोठी आहे, असं सगळं. दोन्ही कामांची सरमिसळ होऊ नये म्हणून त्यांनी पहिल्याच दिवशी कायदा घालून दिला होता. चमचा वाजला की पुढचं सगळं खोटं. सूचना असली की चमचा नाही, चहा नाही. आधी पूर्ण नाव घ्यायचं, "मी अली अब्दुल्ला मुकादम, राहणार पनवेल," आणि मग कागदावर असेल तेवढंच वाचायचं. वाचून झालं की त्या कागदाची चौकोनी घडी घालायची, कडेवरून नख फिरवायचं आणि तो खिशात ठेवायचा. घडी अशी की कोपऱ्याला कोपरा लागलाच पाहिजे. रेडिओ सांभाळणारी रुचिरा सगळ्यांना कौतुकानं सांगायची, "जहाजावरची शिस्त आहे ती."

कारण चाचा जहाजावर वायरलेस ऑफिसर होते. आखातात भर वादळात अकरा तास कानाला यंत्र लावून बसले आणि सूचना देऊन देऊन त्यांनी तेवीस खलाशी वाचवले. ही गोष्ट ते चमचा न वाजवता सांगायचे. ती ऐकूनच रुचिरानं त्यांना सूचनांचं काम दिलं होतं आणि फॉर्मवर अनुभवाच्या रकान्यात ती ठळक अक्षरात लिहिली होती. बाजारात लोक त्यांना जागा करून द्यायचे. मासळीवाली आधी त्यांना वाटा लावायची. मशिदीबाहेर तरुण पोरं आपणहून सलाम करायची. बाकी सगळं आयुष्य चाचांनी थट्टेवारी नेलं, पण ही एक गोष्ट सांगताना ते ताठ बसायचे.

तर बोंबील नुकता पाण्यात उतरतोय तोच रुचिरा दार ढकलून आत आली. हातात कागद, त्यावर घाईत लिहिलेल्या ओळी.

"चाचा, कंट्रोल रूमचा फोन होता. नदीकाठच्या बर्फाच्या कारखान्यात अमोनियाची पाइप फुटलीय. वारा विचुंब्याकडे आहे. पाटील आळीकडे. बंब निघालाय, पण तिथं पोचायला वीस मिनिटं लागतील."

चाचांनी कागद घेतला, चहाचा ग्लास दूर सारला आणि आवाज बदलला. "मी अली अब्दुल्ला मुकादम, राहणार पनवेल. धोक्याची सूचना. बर्फाच्या कारखान्यातून अमोनिया गॅस गळतोय. पाटील आळीतल्या सगळ्यांनी ताबडतोब घरं सोडून शाळेकडे जायचं आहे."

त्यांनी सगळी सूचना दोनदा वाचली. दुसऱ्यांदा वाचून होईपर्यंत फोनचा दिवा लुकलुकायला लागला. रोज पहिला फोन एकाच माणसाचा असायचा. रुचिरानं तो थेट रेडिओवर सोडला.

"काय ओ चाचा," तुळशीराम पाटलाचा आवाज आला. मागे बेंजोवाले वाद्यं जुळवत होते आणि बाया हसत होत्या. "आज बोंबील सोडून एकदम गॅस? जोरात हाय. मांडवात सगल्यांना ऐकवतोय, भोंग्याला रेडिओ जोडलाय."

चाचांच्या हातातला कागद तसाच राहिला. त्या दिवशी तुळशीरामच्या नातीची हळद होती. पाटील आळीतली हळद म्हणजे दोनशे माणसं कुठं गेली नाहीत. कढयांवर कढया चढलेल्या, मांडवभर लेकरं, आणि बरोबर त्याच मांडवाच्या अंगावर वारा.

"तुळशीशेठ, ही गोष्ट नाही. सूचना आहे. माणसं हलवा."

"चमचा वाजला ना पण. मी सोता ऐकला."

"तो आधी वाजला होता. मी तो माघारी घेतो."

मांडवात हशा पिकला. तो भोंग्यातून फोनमध्ये आणि फोनमधून परत रेडिओवर आला.

"माघारी? शिमग्याला पण माघारी घेतलात," तुळशीराम म्हणाला. "पूर्ण नाव बी घेतलंत. आणि आमी अख्खं गाव गाढीवर मगर बघायला गेलो. माजा जावई तर झाडावर चढला. आता आमी नाय फसणार."

हे खरं होतं. शिमग्याच्या दिवशी चाचांनी चमचा वाजवून गोष्ट सुरू केली, मधेच तो माघारी घेतला, आवाज बदलला, नाव घेतलं आणि गाढी नदीत मगर सोडली. चारशे माणसं काठावर जमली होती. मला विचाराल तर हजार. रुचिरा आठ दिवस त्यांच्याशी बोलली नव्हती. तेव्हापासून लोकांनी आपल्या बाजूनं कायद्यात एक कलम घातलं होतं. एकदा वाजला तो वाजला.

रुचिरानं माइक ओढून घेतला. "तुळशीरामकाका, मी रुचिरा बोलतेय. प्लीज, हे सीरियस आहे. गॅस लीक झालाय."

"वा मॅडम. आज तुमी पन नाटकात. चालू द्या, चालू द्या."

रुचिरानं माइकवर हात ठेवला. तिचा चेहरा उतरला होता. "पोलिसांना सांगितलंय, पण तेही आत्ता निघतायत. मांडवात दुसऱ्या कुणाचा नंबर आहे का तुमच्याकडे?"

"सगळ्यांचे फोन घरात चार्जिंगला असतील. हळद आहे." चाचांनी कपाळ पुसलं. खिडकीबाहेर गिरणीच्या पत्र्यावर कुणाची तरी ओढणी वाळत होती. ती सरळ विचुंब्याच्या दिशेनं फडफडत होती. चाचा तिच्याकडे बघत राहिले. फार तर तीन श्वास. मग त्यांनी रुचिराचा हात माइकवरून हळूच उचलला.

"तुळशीशेठ, माझी जहाजाची गोष्ट आठवते?"

"ती कोण इसरल? तेवीस खलाशी. ती बिनचमच्याची हाय. माज्या नातवंडांना पाठ हाय."

"ती खोटी आहे."

मांडवात कुणीतरी हसलं, पण एकटंच.

"मी जहाजावर कधी पाय ठेवलेला नाही," चाचा म्हणाले. "बोटीत बसलो की मला उलट्या होतात. आखातात मी बावीस वर्षं एका हॉटेलच्या तळघरात होतो. लाँड्रीत. चादरींना इस्त्री करायचो. वरून मळक्या यायच्या, मी कडक करून परत पाठवायचो. त्या हॉटेलला तेवीस मजले होते. खलाशी नव्हते, मजले होते. वर काय आहे ते मी एकदाही पाहिलं नाही. आम्हाला लिफ्टनं जायला परवानगी नव्हती."

रुचिरा त्यांच्याकडे बघत होती. चाचांनी तिच्याकडे बघायचं टाळलं.

"तुळशीशेठ, दहा वर्षं मी तुम्हाला फेकून फेकून सांगतोय. त्यात मी स्वतःला एकदा तरी लहान केलंय का? आठवून बघा. वाघ मारला तर मी मारला. मगर बघितली तर आधी मी बघितली. आज सगळं पनवेल ऐकतंय, माझी बायको ऐकतेय, आणि मी सांगतोय की मी इस्त्रीवाला होतो. आता तरी उठा. खुदा के वास्ते उठा."

फोनवर तेलाचा चर्र आवाज येत होता. कुणीतरी वडा सोडला असावा.

मग तुळशीरामचा आवाज आला, माइकपासून लांब, दुसऱ्याच कुणाला तरी उद्देशून. "ए, बेंजो बंद कर. बंद कर बोललो ना." आणि मग जवळून, अगदी हळू, "चाचा, कुटं नेऊ यांना?"

चाचांनी कागद सरळ धरला. "आधी शेगड्या विझवा. वाऱ्याला पाठ देऊन पळू नका, तो मागून येतोय. वाऱ्याला आडवं चला, शाळेच्या अंगाला. फडकी, टॉवेल, साडीचा पदर, काय असेल ते ओलं करून नाकाला लावा. गाड्या काढत बसू नका. म्हाताऱ्यांना उचलून घ्या. नवरीच्या आजीला चालवत नाही ना?"

"माजीच बायको ती. तीच मला उचलंल," तुळशीराम म्हणाला, आणि फोन बंद झाला.

चाळीस मिनिटं चाचा तोच कागद वाचत राहिले. प्रत्येक वेळी आधी पूर्ण नाव. आवाज बसला तेव्हा रुचिरानं पाणी पुढं केलं, स्टीलच्या पेल्यातून. पावणेसहाला कंट्रोल रूमचा फोन आला. पाइप बंद झाली होती. मांडव रिकामा झाल्यावर सात-आठ मिनिटांत गॅस आळीत शिरला होता. भांडी राखायला मागे थांबलेल्या एका आचाऱ्याचे डोळे चुरचुरले, बंबवाल्यांनी त्याला बाहेर काढलं. दोनशे माणसं शाळेच्या पटांगणात ओले टॉवेल तोंडाला लावून बसली होती आणि नवरीला भूक लागली होती.

चाचांनी कागदाची घडी घातली. कोपऱ्याला कोपरा लागला. नख फिरवताना त्यांच्या लक्षात आलं की रुचिरा त्यांच्या बोटांकडे बघतेय. ते तसेच उठून जिना उतरले.

घरी जायला त्यांना रोज वीस मिनिटं लागत. त्या दिवशी तासभर लागला. त्यांची बायको शमा दारातच मेथी निवडत बसली होती. आत रेडिओ चालू होता.

"ऐकलंस?" चाचांनी विचारलं.

"ऐकलं."

"मग काय म्हणतेस?"

"काय म्हणणार? तुमच्या पहिल्या सुट्टीतच कळलं होतं मला." शमानं एक काडी मोडून बाजूला टाकली. "दर्यावरचा माणूस घरी येऊन चादरीला अशी घडी घालतो होय? मी वाट बघत होते, कधी सांगताय. तीस वर्षं लावलीत."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही ती गोष्ट सांगताना किती छान बसायचात," शमा म्हणाली, आणि मेथीची परात उचलून आत गेली.

दुसऱ्या दिवशी चाचा चार वाजताच रेडिओवर पोचले. ग्लास त्यांनी फडताळात पालथा घालून ठेवला आणि रुचिरासमोर एक कागद सरकवला. चौकोनी घडीचा.

"राजीनामा आहे. खोटा अनुभव लिहून घेतलेला माणूस सूचना कशा वाचणार?"

रुचिरानं घडी उघडलीही नाही. तिनं फाइलमधून जुना फॉर्म काढला, वायरलेस ऑफिसरची ओळ खोडली आणि पेन हातात धरून विचारलं, "हॉटेलची लाँड्री. बावीस वर्षं ना?"

"बावीस वर्षं, चार महिने."

तिनं ते महिन्यांसकट लिहिलं. "आणि चाचा, माझ्या कॉटनच्या साड्यांचं काहीतरी करा आता. तुम्हाला येतं हे लपवून ठेवलंत म्हणजे हद्द झाली."

चाचा हसले नाहीत, पण राजीनाम्याचा कागद त्यांनी परत खिशात घातला.

पाचला पाच मिनिटं कमी असताना जिन्यावर धापा ऐकू आल्या. तुळशीराम पाटील आला होता, कालच्याच पांढऱ्या शर्टात, हातात फडक्यानं तोंड बांधलेली वाटी. खुर्चीवर बसून त्यानं आधी दम घेतला.

"चाचा, काल मांडवात परत गेलो. पाटावर हळदीची वाटी तशीच होती, नवरीला लावायची. माज्या डोल्यांनी बगितलं. हळद लाल. कुंकवासारखी लाल. गॅसनं. बंबवाला बी बोलला, असं होतं." त्यानं वाटी टेबलावर ठेवली. "ही तुमच्या कामाची गोष्ट हाय. सांगा सगल्यांना. चमचा वाजवायचा नाय, खरी हाय. मी साक्षीला आणली."

त्यानं गाठ सोडली, फडकं उचललं.

तिघांनीही वाकून बघितलं. वाटीत हळद होती. पिवळी धमक. गॅस कधीच उडून गेला होता, आणि त्याच्याबरोबर लाली.

तुळशीरामनं वाटी उजेडात फिरवून बघितली, बोटानं खालची हळद वर काढली. तीही पिवळीच. त्याचे कान मात्र लाल झाले.

"लाल होती ओ," तो म्हणाला. "आईशप्पत लाल होती. आता माज्यावर कोन इस्वास ठेवल?"

चाचा उठले. फडताळातून ग्लास काढला, सुलटा केला, आपल्या रुमालानं आतून बाहेरून पुसला. मग माइक तुळशीरामकडे वळवला आणि ग्लास आणि चमचा त्याच्यापुढं ठेवला.