तीस फुटांचा आडोसा

धाकटी जाऊ भरदुपारी अंगणात सुतळीनं मापं घेताना दिसली आणि थोरलीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला. अंगण मोजायचं होतं तर घरात माप घेणारी बाई बसली होती की! दुकानांचे कापडी पडदे, गाड्यांची आच्छादनं, बाकांच्या गाद्या, वीस वर्षं थोरली हेच शिवत होती. गळ्यात टेप नाही असा तिचा दिवस उगवत नसे. आणि ही बया, ताई झोपल्या असतील असं धरून, चोरासारखी सुतळी ताणतेय?

अंगण एकच होतं, दारं दोन, समोरासमोर. एका दारात थोरली आणि तिचा नवरा, दुसऱ्यात दीर आणि धाकटी. मधोमध लिंबोणीचं झाड होतं, दिरानं शाळेत असताना लावलेलं. त्याची मुळं पाण्याच्या पाइपात शिरली म्हणून चार महिन्यांपूर्वी थोरलीच्या नवऱ्यानं कुणाला न विचारता ते तोडून टाकलं. संध्याकाळी दीर घरी आला, बुंध्याकडे बघत उभा राहिला आणि त्या दिवसापासून भावाशी एक शब्द बोलला नाही. थोरलीचा नवराही कमी नाही! माफी मागितली तर याचं काय जाणार होतं? पण नाही, तोंडाला कुलूप.

तरी सकाळचा चहा दोघे आपापल्या दारात खुर्ची टाकूनच पीत. एकाची नजर वळली की दुसरा चटकन कपात बघे. थोरलीची सगळी आशा त्या दोन खुर्च्यांवर तगून होती. समोरासमोर बसतायत ना, मग आज ना उद्या कोणीतरी तोंड उघडेल, असं ती मनाला समजावत होती.

आणि सुतळीनं मापं घेतली त्याच आठवड्यात धाकटी म्हणाली, "ताई, अंगण अगदी बोडकं दिसतंय हो. काळ्या पत्र्याच्या लांबट कुंड्या आणू या? उंच वाफेच म्हणा ना. चला माझ्याबरोबर निवडायला."

दुकानाच्या मागच्या आवारात कुंड्यांची रांगच होती. चौकोनी, गोल, बिनबुडाचे मोठाले वाफे, सगळं काळंभोर. थोरलीनं एकीवर बोटातल्या शिवणाच्या अंगुस्तानानं टकटक केलं.

"पातळ आहे पत्रा. माती भरली की पोट सुटेल."

"जाड पत्र्यातही आहेत, ताई," दुकानदार म्हणाला. "वर भट्टीत भाजलेला रंग आहे. फक्त ओरखडा पडला तर लगेच रंग लावायचा, नाहीतर गंज तिथूनच शिरतो."

"आणि काळं तापत नाही होय? मुळं शिजतील की!"

"आतून थर्माकोल लावून देतो. खाली पाण्याला भोकं, भोकांवर जाळी."

माणूस पक्का होता. थोरलीला गुडघ्याइतके बुटके वाफे मनापासून आवडले. पण धाकटी तिकडे बघेना. ती थेट कोपऱ्यातल्या साडेचार फुटी, अरुंद कुंड्यांपाशी गेली.

"या हॉटेलवाले नेतात," दुकानदार म्हणाला. "आडोसा होतो. पलीकडचं काही दिसत नाही."

"अशाच पाच बनवा. प्रत्येकी सहा फूट लांब," धाकटीनं चिठ्ठी बघून सांगितलं आणि चिठ्ठी घाईघाईनं पर्समध्ये कोंबली.

सहा पंचे तीस. अंगणाची रुंदी थोरलीला तोंडपाठ होती. बरोब्बर तीस फूट! या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, मधे मांजर जाईल एवढीही फट नाही. म्हणजे कुंड्याबिंड्या सगळं नाटक. बाईसाहेब वाटणीची भिंत घालायला निघाल्या होत्या, आणि वर ती निवडायला थोरलीलाच घेऊन आल्या होत्या!

त्यात संध्याकाळी धाकटी फोनवर कुजबुजताना कानावर पडलं, "ताईंना कळता कामा नये." झालं! उरलीसुरली शंकाही फिटली. थोरलीला त्या रात्री जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच दुकानात गेली. "कालच्या मापात चूक झाली. उंची दीड फूट करा."

"पण त्या बाई तर..."

"मी मोठी जाऊ. आणि मापं घेणं हा माझा धंदा आहे."

दुकानदारानं तिच्या गळ्यातल्या टेपकडे बघितलं आणि वहीतला आकडा खोडला. थोरली अशी खूश होऊन परतली की वाटेत स्वतःशीच हसली.

आठ दिवसांनी कुंड्या आल्या. हमालांनी पाचही अंगणात रांगेनं मांडल्या. काळ्या, देखण्या आणि गुडघ्याइतक्या. धाकटी दारातून धावतच बाहेर आली.

"ताई, हे तुम्ही केलंत?"

"मीच केलं. भिंत घालायला निघाली होतीस ना तू?"

"हो, भिंतच!" धाकटीला रडू फुटलं. "ह्यांनी गवंडी ठरवलाय, ताई. विटांची भिंत घालायचीय ह्यांना. मी आठ दिवस हातापाया पडले. शेवटी म्हणाले, मला खुर्चीत बसल्यावर त्याचं तोंड दिसता कामा नये, मग तू वाट्टेल ते लाव. ह्यांना खुर्चीत बसवून उंची मोजली मी. कुंड्या उद्या सरकवता येतात, विटा कशा सरकवणार? आता गवंडी परवा येतोय."

"मग मला नाही का सांगायचंस?"

"तुम्हाला सांगितलं असतं तर मोठ्या भाऊजींच्या कानावर गेलं असतं. आणि ते म्हणाले असते, आण विटा, मीच रचतो."

खोटं नव्हतं. थोरलीच्या पोटात काही राहत नाही हे घरात सगळ्यांना माहीत होतं, आणि नवऱ्याचा स्वभाव तर तिच्याइतका कुणालाच माहीत नव्हता. जी भिंत होऊ नये म्हणून ती धडपडली, ती तिनं स्वतःच्या हातानं ओढवून घेतली होती. तिला स्वतःच्याच थोबाडीत मारून घ्यावंसं वाटलं.

"रडणं पुरे," ती शेवटी म्हणाली. "कुंड्यांत माती भरायला घे. पडद्यांच्या नळ्या आहेत माझ्याकडे, त्या मातीत रोवू. कापड मी बघते."

दोन दिवस मशीन थांबली नाही. नवऱ्यानं विचारलं तेव्हा झाडांना सावली, एवढंच तिनं सांगितलं. अंगणात वीट येऊ देणार नाही म्हणणारी बाई काळ्या जाड कापडाची तीस फुटी भिंत शिवत बसली. आतून जीव तुटत होता, पण शिवण एक इंचही वाकडी गेली नाही. फक्त मधला जोड, दोन्ही पट्टे जिथे मिळतात तो, तिनं मशीनवर घेतला नाही. तो हातानं घातला, कच्च्या टाक्यांनी.

"हा धागा ओढला की मधोमध उघडतं," तिनं धाकटीला दाखवलं. "वेळ आली असं वाटलं की ओढ."

पडदा नळ्यांवर चढला तसा दीर बाहेर आला, खुर्चीत बसला, डोकं इकडे तिकडे करून बघितलं आणि गवंड्याला फोन केला, "राहू दे आता."

दुसऱ्या दिवसापासून सकाळी पडद्याच्या दोन्ही बाजूंना नुसते कपबशांचे आवाज. थोरलीला ते ऐकवत नव्हतं.

पाचव्या दिवशी तिची बारीक कात्री मशीनच्या खणातून गायब झाली. सहाव्या दिवशी मधल्या जोडाचे चार टाके तुटलेले दिसले. तिनं तडक धाकटीला गाठलं.

"एवढी कसली घाई गं तुला?"

"शपथ घेते, ताई. मी बोटही लावलं नाही."

थोरलीला ते पटलं नाही. ती पडद्यापाशी वाकली. धागा ओढलेला नव्हता, कापलेला होता, आणि कापलेली टोकं तिच्याच बाजूला लोंबत होती. तिनं टेप लावला. जमिनीपासून पावणेचार फूट, म्हणजे बसलेल्या माणसाचे डोळे येतात तिथे. तिनं मागे वळून पाहिलं. नवऱ्याची खुर्ची दारातून सरकून मधोमध आली होती. मग तिनं फटीतून पलीकडे डोकावलं. दिराची खुर्चीही दारात नव्हती. ती बरोब्बर समोर होती, आणि तिच्या पायाशी चहाचा रिकामा कप होता.

ती घरात आली. नवरा आंघोळीला गेला होता, त्याचा सदरा खुंटीला होता. तिनं खिसा चाचपला. कात्री तिथेच होती.

"काय शोधतेस गं?" न्हाणीघरातून आवाज आला.

"काही नाही. सापडलं."

तिनं कात्री अंगठ्यावर घासून बघितली. धार बरी होती. मग तिनं ती परत त्याच्या खिशात ठेवून दिली. अजून बरेच टाके कापायचे राहिले होते.