कापडी फिल्टर

सापारबायने पाइपात कोपरापर्यंत घातलेला हात बाहेर काढला आणि बोटाकडे पाहिलं. टोकावर राखाडी भुकटी होती, पिठासारखी मऊ. त्याने बोट विजारीला पुसलं आणि पुन्हा आत घातलं. तेच.

ट्रकच्या कॅबिनच्या मागे उभा असलेला फिल्टरचा डबा उघडा होता. डब्याच्या तोंडाशी धूळ असणारच, तिला अडवायला तर फिल्टर. पण हा पाइप डब्याच्या पलीकडचा, इंजिनात जाणारा. यात रुमाल फिरवला तर तो पांढराच निघायला हवा.

"सापार-अगा, झालं का?" ड्रायव्हर कुआनिशने खिडकीतून डोकं बाहेर काढलं. "नवरीसुद्धा एवढा वेळ लावत नाही हो."

"बघतोय."

"काल बघितलं, परवा बघितलं. आता ट्रकशी लग्न लावायचंय का? वारा उठायच्या आत खाली उतरायला पाहिजे."

खाली म्हणजे समुद्राच्या तळावर. समुद्र आटून सापारबायचं अर्धं आयुष्य झालं होतं, पण काठच्या मुयनाक गावात अजूनही कुणी 'वाळवंटात चाललो' म्हणत नसे. ट्रकच्या पाठीवर बावीस माणसं बसली होती. त्यांच्या पायाशी साक्सौलच्या, म्हणजे खाऱ्या मातीत तगणाऱ्या झुडपाच्या, बियांची पोती, तंबूचं सामान आणि पाण्याची पिंपं होती. पाच दिवस तळावर राहायचं आणि बर्फ पडायच्या आत बी मातीत टाकायचं. साक्सौल रुजलं तर मिठाची धूळ जागेवर राहते, नाहीतर ती गावात येते, लोकांच्या छातीत जाते. सत्तर किलोमीटरवर तंबू ठोकायचे, मधे ना घर ना झाड. तिथे इंजिन बसलं तर मागून येणारा दुसरा ट्रक नव्हता.

काल तेल बदलताना सापारबायने दोन थेंब बोटांत चोळले होते. कचकच लागली होती. रात्रभर ती कचकच त्याच्या बोटांतून गेली नव्हती, म्हणून तर आज त्याने पाइपात हात घातला. चार महिन्यांत पहिल्यांदा. चार महिने त्याने फिल्टर धुऊन फक्त वरून पाहिला, स्वच्छ दिसला, आणि झाकण लावलं.

हा फिल्टर त्यानेच निवडला होता. कागदी फिल्टर या धुळीत बारा-पंधरा दिवसांत गुदमरायचा, ट्रक धापा टाकायला लागायचा, आणि नवा आणायला नुकुस शहरात माणूस पाठवावा लागायचा. मग नुकुसच्या एका दुकानात त्याला हा दिसला. जाळीत शिवलेलं सुती कापड. धुवायचं, वाळवायचं, तेलाचा हात फिरवायचा, पुन्हा लावायचं. सगळ्या तुकडीसमोर तो उभा राहून म्हणाला होता, "कागद एकदाचा असतो, कापड जन्माचं. माझ्या शब्दावर घ्या." बेचाळीस वर्षं गाड्यांखाली पाठ घासलेल्या माणसाचा शब्द. कुणी उलट विचारलं नाही.

त्याने कापडी फिल्टर डब्यातून बाहेर काढला, उन्हाकडे धरला. शिवणीच्या कडेला बारीक पांढरी रेघ होती. त्याला वाटलं साबण राहिला असेल. त्याने नखाने ती खरवडली आणि जिभेला लावली.

मीठ.

क्षणभर त्याला काही कळलं नाही, आणि मग सगळं एकदमच कळलं. अंगणातली विहीर. दर आठवड्याला तो फिल्टर तिच्या पाण्यात धुवायचा, त्या विहिरीचं पाणी उंटसुद्धा तोंड वेंगाडून प्यायचा. पिण्याचं गोडं पाणी टँकरने यायचं, घरात पिंपात झाकून ठेवलेलं असायचं. लोखंडाला गोडं पाणी दाखवायचं नाही, असं त्याची आई म्हणायची. एकदा त्याने लहानपणी सायकल गोड्या पाण्याने धुतली, तेव्हा तिने त्याला दिवसभर पाणी दिलं नव्हतं. मुयनाकमधला कुठलाही माणूस फिल्टर विहिरीच्याच पाण्यात धुतला असता. पाणी वाळलं की मीठ धाग्यांत खडे धरतं, खडे धागे फाकवतात, आणि खारट धाग्यावर तेल नीट बसत नाही. मग धुळीला रस्ताच रस्ता.

त्याने इंजिनात तेल ओतायचं झाकण उघडलं. कुआनिशला खूण करून क्षणभर इंजिन चालू करायला लावलं. भोकातून निळसर धुराचे झटके येत होते, म्हाताऱ्याच्या खोकल्यासारखे. पिस्टनच्या रिंगा झिजल्या होत्या.

"अगा!" या वेळी हाक आर्झायिमची होती. लागवडीची तुकडी तिच्या हाताखाली होती. वय पस्तीसच्या आसपास, बुटात विजार खोचलेली, हातात यादी. "चला, पाता द्या. तुमच्यासाठीच थांबलोय."

प्रवासाला निघताना हजर असलेल्यांत जो सगळ्यांत मोठा, त्याने हात पसरून पाता, म्हणजे दुआ, द्यायची. त्याशिवाय चाक हलत नाही. सापारबायने फिल्टर पुन्हा डब्यात बसवला, झाकण दाबलं. चिमट्या लावल्या. एक, दोन, तीन. हात आपोआप चालले. तेवढ्यात त्याच्या मनात येऊन गेलं, की पाच दिवस कदाचित निघतीलही. इंजिनं अशी महिनोन्महिने रेटतात. परत आल्यावर गुपचूप बदलता येईल.

तो ट्रकसमोर आला. पाठीवरच्या बावीस जणांनी ओंजळी पसरल्या. कुआनिशने खाली उतरून सिगारेट बुटाखाली विझवली आणि त्यानेही हात पसरले. पुढच्या फळीला टेकून बसलेली एक बाई बाळाला ओढणीखाली पाजत होती, तिने एकच तळवा उघडला.

सापारबायने हात वर केले. तर्जनी अजून राखाडी होती.

तोंडातून शब्द निघेना. वारा पोत्यांच्या कडा फडफडवत होता. माणसं वाट बघत होती. कुणीतरी खोकलं.

"अगा, विसरलात का?" कुआनिश हळूच म्हणाला. "मी सांगू? वाट मोकळी होवो..."

"वाट मोकळी आहे," सापारबाय म्हणाला. "इंजिन मोकळं नाही."

"काय?"

"धूळ आत जातेय. चार महिने. हे बघा." त्याने बोट सगळ्यांना दिसेल असं धरलं. "हे पाइपातलं आहे."

कुआनिशचा चेहरा लाल झाला. "म्हणजे? माझ्या गाडीला चार महिने मीठ-माती चारली कुणी?"

"मी."

"कागदीच बरा होता म्हटलं होतं मी! तेव्हा काय म्हणालात? 'कुआनिश, तुला स्टिअरिंग कळतं, फुप्फुस नाही कळत.' सगळे हसले होते!"

"म्हणालो होतो."

"आता हसू का मी?"

"हास. पण नंतर. आधी पाना आण."

आर्झायिमने यादी घडी करून खिशात घातली. ती ओरडली नाही, आणि सापारबायला ते जास्त लागलं. "सरळ सांगा. जाता येईल की नाही?"

"सत्तर किलोमीटर नाही. मी माझ्या पोरीला, इंकारला, नसतं पाठवलं." त्याने मागे हात केला. "कोठीत गेल्या वर्षीचे दोन कागदी फिल्टर आहेत. एक लावतो. लागवडीच्या पहिल्या पट्ट्यापर्यंत जा, तो वीस किलोमीटरवर आहे. तिथेच पेरा. रोज संध्याकाळी परत या. रोज मी पाइप पुसून बघेन."

"आणि कागदी गुदमरला तर?"

"गुदमरला तर गाडी ओढणार नाही, धूर काढेल, कुआनिश शिव्या देईल. कळेल तरी. या कापडाने गाडी मस्त पळत होती, म्हणूनच मला कळलं नाही."

"आणि इंजिन?"

"हा हंगाम काढेल. जपून चालवलं तर. पुढचा नाही."

आर्झायिमने पोत्यांकडे एकदा पाहिलं. मग वळून म्हणाली, "तंबूचं सामान उतरवा. बी राहू दे."

फिल्टर बदलायला पाऊण तास लागला. कुआनिश शेजारी उभा राहून पाना देत होता. शेवटची चिमटी लागली तेव्हा तो म्हणाला, "पाइप पण पुसा आतून. रोज बघणार म्हणालात ना? मग ही जुनी धूळ उद्या मोजायला नको." सापारबायने पाइप पुसला. तीन रुमाल लागले.

"आता पाता," आर्झायिम म्हणाली.

"दुसऱ्या कुणाला सांग, पोरी."

"दुसरा मोठा कोण आहे इथे?"

त्याने हात पसरले. या वेळी शब्द आले, थोडेच. सगळ्यांनी तळवे तोंडावरून फिरवले आणि ट्रक जुन्या किनाऱ्याचा उतार उतरून पांढऱ्या धुरळ्यात शिरला.

घरी येऊन त्याने कापडी फिल्टर अंगणात घमेल्यात ठेवला. मग आत जाऊन गोड्या पाण्याच्या पिंपावरचं झाकण उचललं. बायको, बिबिराबा, चुलीपाशी जोंधळ्याच्या पिठाचे गोळे वळत होती. तिचा हात थांबला.

"इंकारचे बाबा, ते पिण्याचं आहे."

"माहीत आहे. एक बादली घेतोय."

"टँकर परवा येणार."

"एकच."

तिने गोळे झाकले. पिठाचे हात पुसून अंगणात आली आणि तो धूत असताना वरून पाण्याची धार धरली, बारीक, हात न हलवता. पाणी आधी तपकिरी गेलं, मग दुधाळ, मग ओतलं तसंच स्वच्छ. त्याने फिल्टर दोरीला टांगला. दुपार उलटेपर्यंत तो वाळला. शिवणीपाशी पांढरी रेघ नव्हती. त्याने नख फिरवून जिभेला लावलं. कसलीच चव नव्हती.

मग त्याने तो सूर्याकडे धरला. कापडात टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले. एक, चार, नऊ. पुढे त्याने मोजले नाहीत.

"काय झालं?" बिबिराबाने दारातून विचारलं.

"कापड चांगलं होतं," तो म्हणाला.

"मग?"

"धुणारा चुकला."

त्याने फिल्टर जुन्या कागदात गुंडाळून खुंटीला अडकवला आणि चटईवर बसला. बिबिराबाने दूध घालून चहा केला. पाहुण्याला, मानाच्या माणसाला इथे वाटी अर्धीच भरून देतात, म्हणजे पुन्हापुन्हा विचारून ओतता येतं. घरच्या माणसाला काठोकाठ. चाळीस वर्षं तिने त्याची वाटी काठोकाठ भरली होती.

आज तिने अर्धीच भरली आणि दोन्ही हातांनी पुढे केली.

पाणी कमी होतं म्हणून, की दुसऱ्या कशासाठी, त्याने विचारलं नाही. त्यानेही वाटी दोन्ही हातांनी घेतली आणि ट्रकच्या आवाजासाठी किनाऱ्याच्या उताराकडे कान देऊन बसला.