आधीच दिलेली साक्ष

शनिवारी दुपारची जेवणं आटोपली, की साळव्यांच्या घरात पाठांतर सुरू व्हायचं. पाठ करणारा कुणी शाळकरी मुलगा नव्हता, साठी ओलांडलेले दिलीप साळवे होते. कारखान्याच्या ड्रॉइंग ऑफिसात ज्यांनी उभा जन्म बारीक रेघा तपासण्यात घालवला, ते आता भोपाळच्या अवधपुरीतल्या आपल्या घरी पलंगावर मांडी घालून बसत आणि बायको वाचेल ते तिच्यामागून म्हणत. बरखेड्याच्या चर्चमध्ये रविवारी हिंदी उपासनेनंतर मराठी उपासना असे आणि तिथलं शास्त्रवाचन बरीच वर्षं त्यांच्याकडे होतं.

"पुन्हा एकदा म्हणा," मंजूषा म्हणाली. "आणि मधे पान उलटायला विसरू नका. मागच्या वेळी दोन पानांचा मजकूर तुम्ही एकाच पानावर वाचलात."

"अगं, पान कुठे संपतं ते मला कसं कळणार?"

"मी खोकेन तेव्हा उलटायचं."

दिलीप हसले. मंजूषाला मात्र हसू आलं नाही. तिच्या मनावर दर शनिवारी धोंडा ठेवलेला असे.

साखरेच्या आजारानं दिलीपच्या डोळ्यांचे पडदे सुजले होते. उजव्या डोळ्यापुढे धूर होता आणि डाव्या डोळ्याच्या बरोब्बर मध्ये एक मळकट डाग. समोरच्या माणसाचे खांदे दिसत, चेहरा दिसत नसे. दर थोड्या आठवड्यांनी डोळ्यात इंजेक्शन घ्यावं लागे. 'हे थांबवू नका, थांबवलंत तर आहे तेही जाईल,' असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आणि मंजूषानं नेमकं तेच थांबवलं होतं.

का थांबवलं, हे समजून घ्यायचं तर आपल्या मंडळींची एक सवय सांगायला हवी. भोपाळमधली मराठी ख्रिस्ती मंडळी ती केवढीशी! नगरकडून, नागपूरकडून नोकरीसाठी आलेली, कारखान्याच्या आधारानं रुजलेली चार घरं. गुरुवारी कुणाच्या तरी घरी प्रार्थनासभा भरते. गीतं होतात, मग साक्षी, म्हणजे देवानं काय दिलं ते सगळ्यांपुढे सांगणं. कुणाच्या मुलाला परदेशाचा व्हिसा मिळालेला असतो, कुणाची बदली रद्द झालेली असते, कुणाच्या सुनेची कूस उजवलेली असते. सगळे 'प्रभूची स्तुती असो' म्हणतात, टाळ्या वाजतात. ज्याला काही मिळालेलं नाही, तो आपला चहाच्या कपबशा मांडत राहतो. मंजूषानं वर्षानुवर्षं कपबशा मांडल्या. देव सगळ्यांच्या घरी जातो आणि आपल्याच दारावरून पुढे निघून जातो, असं तिला वाटे.

उन्हाळ्यात बाहेरगावचा एक उपदेशक आला. त्यानं दिलीपच्या डोळ्यांवर हात ठेवून मोठ्यानं प्रार्थना केली आणि विचारलं, "काही वाटतंय का?" दिलीप भिडस्त माणूस. सगळे डोळे आपल्याकडे लागलेत हे न दिसताही त्यांना कळलं. ते म्हणाले, "जरा उजळ वाटतंय." उपदेशक गरजला, "आधी साक्ष द्या, मग देव ती खरी करील!"

आणि पुढच्या रविवारी मंजूषा उभी राहिली. "प्रभूनं माझ्या मालकांना डोळे दिले. आता इंजेक्शनची गरज उरली नाही!" असं सांगताना ती खरोखर रडली. खोटं बोलायचं म्हणून ती उभी राहिली नव्हती, हे तिच्या बाजूनं सांगायलाच हवं. पण त्या दिवशी ज्या टाळ्या वाजल्या, त्या तिनं जन्मात पहिल्यांदा आपल्यासाठी ऐकल्या. महिनाभरात ती महिला मंडळाची चिटणीस झाली. कुणाचं पोर तापलं तरी लोक मंजूताईंना फोन करून प्रार्थना मागू लागले.

दिलीपना मात्र उजळ दिसलं ते तेवढ्यापुरतंच. इंजेक्शनची तारीख आली. नेत्रालयाच्या काउंटरवर बसते ती शिल्पा याच मंडळीतली! तिच्यासमोर कोणत्या तोंडानं जायचं? मंजूषानं ती तारीख जाऊ दिली. मग पुढचीही. देव आज ना उद्या साक्ष खरी करील, तोवर कुणाला कळता कामा नये, म्हणून हे पाठांतर.

त्या शनिवारी टी. टी. नगरहून नलिनीमावशी आली. मंजूषाच्या आईची ही धाकटी बहीण, पंचाहत्तरीची विधवा, एकटी राहणारी. दार उघडंच होतं. ती आत आली तेव्हा पाठांतर ऐन रंगात होतं, म्हणून काही न बोलता खुर्चीवर टेकली. चहा आला. दिलीपचा हात कपाच्या शेजारून पुढे गेला, टेबलावर चाचपडला आणि परत आला. मावशीनं कप उचलून त्यांच्या हातात दिला.

"दिलीपराव, कधीपासून हे?"

मंजूषा म्हणाली, "मावशी, विश्वासाची परीक्षा चाललीय आमच्या."

"तुमच्या की त्यांच्या डोळ्यांची?"

"तू माझा विश्वास खचवायला आलीस का?" मंजूषाचा आवाज चढला. "मी उपास करते. पहाटे उठून गुडघे टेकते. आणखी काय करायला हवं मी? सांग ना!"

"काही करू नकोस. एवढंच सांग. समज, देव म्हणाला, दिलीपला दिसणार नाही. कधीच नाही. तर तू रविवारी चर्चला जाशील?"

एवढा साधा प्रश्न, आणि इतक्या वर्षांत तो मंजूषाला कुणी विचारला नव्हता. तिनं स्वतःही नव्हता विचारला.

मावशी म्हणाली, "माझा मुलगा शार्दूल शाळेत असताना गेला, तेव्हा तू लहान होतीस. सगळी मंडळी प्रार्थना करत होती. तो गेला आणि दहाव्या दिवशी एक जण मला म्हणाला, बाई, विश्वास कुठे कमी पडला ते शोधा. मी शोधत बसले गं! कितीतरी दिवस शोधत बसले. मग लक्षात आलं, मी देवाकडे जात नव्हतेच. मी शार्दूलसाठी जात होते. प्रभूनं भाकरी वाटली तेव्हा केवढा जमाव मागे लागला होता. भाकरी मिळायची थांबल्यावर किती उरले?"

"नवऱ्यासाठी मागणं हे पाप आहे का?"

"अजिबात नाही. माग. पदर पसरून माग, रड, भांड. लेकरानं बापाकडे नाही मागायचं तर कुणाकडे? पण मागणं वेगळं आणि न मिळालेलं मिळालं म्हणून मिरवणं वेगळं. ती साक्ष तू कुणासाठी दिलीस, मंजू? दिलीपसाठी, देवासाठी, की कपबशा मांडून कंटाळलीस म्हणून?"

हे वर्मी लागलं. मंजूषा रडायला लागली. "आता मागे कशी फिरू? लोक मला काय म्हणतील ते सोड, देवालाच हसतील."

"हसू देत. तुझ्या अब्रूवर देव उभा नाही," मावशी म्हणाली. "पण यांचा डोळा चाललाय, तो बघ."

मावशी गेली. दिलीप म्हणाले, "म्हणू का पुन्हा पहिल्यापासून?" मंजूषानं पुस्तक उघडलं खरं. मावशीचं सगळं पटूनही तिनं पुस्तक उघडलं! माणूस एकदा अडकला, की सुटायची वाट समोर दिसत असूनही पाऊल उचलत नाही, ते असं.

रविवारी चर्चमध्ये गेल्यावर कळलं, की मंडळीतले सर्वांत वयोवृद्ध उजागरेकाका पहाटे वारले. पाळकसाहेब वेदीपाशी उभे राहिले आणि म्हणाले, "आज ठरलेला उतारा बाजूला ठेवू. दिलीपभाऊ, सांत्वनाचं एक स्तोत्र वाचा. मी पान काढून ठेवलंय."

मंजूषानं ते स्तोत्र पाठ करून घेतलेलं नव्हतं.

दिलीप सवयीनं पायऱ्या मोजत वर गेले. त्यांनी पुस्तकावर दोन्ही हात ठेवले आणि खाली पाहिलं. पंखे फिरत होते. कुणीतरी घसा साफ केला. बायकांच्या बाजूला पहिल्या रांगेत बसलेल्या मंजूषाच्या जिभेवर सबबी तयार होत्या. चष्मा घरी राहिला. उपासामुळे चक्कर आली. त्यातली एकही बाहेर पडेना. काय करावं हे न सुचून, निव्वळ सवयीनं, ती खोकली.

आणि दिलीपनी पान उलटलं!

एक शब्दही न वाचता त्या भल्या माणसानं आज्ञाधारकपणे पान उलटलं आणि ते पुन्हा खाली बघत उभे राहिले. मग त्यांनी मान वर केली. ते तिला शोधत होते. कपाळाला आठ्या घालून, डोळे बारीक करून ते शोधत होते, आणि बघत होते पुरुषांच्या बाजूला.

"पुरे!" मंजूषा उभी राहिली. "पुरे, अहो! खाली या. नको, थांबा, मीच येते."

ती वर गेली. दिलीपचा हात धरला. सगळ्या मंडळीकडे तोंड करून ती बोलली. "यांना दिसत नाही. उन्हाळ्यातही दिसत नव्हतं. मी साक्ष दिली ती खोटी होती. ती खरी ठरावी म्हणून मी यांची इंजेक्शनं बंद केली. दर शनिवारी यांच्याकडून पाठ करून घेतलं. मला वाटलं, मी देवाचं नाव मोठं करतेय. मी माझं नाव मोठं करत होते. प्रभू मला क्षमा करो. तुम्हीही करा."

मागून अभिजीत लोंढे, मंडळीचे खजिनदार, अर्धवट उठून म्हणाले, "ताई, असं उलट बोलू नये. विश्वासानं धरून राहा, देव अजून करील."

"करील तर करो, भाऊ," मंजूषा म्हणाली. "नाही केलं तर काय, ते मला आता शिकायचंय. मला ते येत नाही."

पाळकसाहेब मान खाली घालून उभे होते. टाळ्या वाजवणाऱ्यांत तेही होते. ते म्हणाले, "ताई, स्तोत्र तुम्ही वाचा." तिनं वाचलं. दिलीप शेजारी उभे होते.

उपासनेनंतर नेहमी तिच्याभोवती घोळका असायचा. त्या दिवशी बायका चपला शोधण्यात गुंतल्या. एकटी शिल्पा जवळ आली. तिचे डोळे लाल होते.

"ताई, तुम्ही तारखा चुकवल्यात ते मला मालूम होतं. रोज काउंटरवर बघते ना मी. पण विचारलं नाही."

"का गं?"

"डर वाटला. विचारलं तर लोक म्हणतील, शिल्पाचाच विश्वास कच्चा आहे. उद्या सुबह भाऊंना घेऊन या. मी डॉक्टरसाहेबांना सांगून ठेवते."

बघा, एक माणूस खोटं बोलला आणि दुसऱ्यानं माहीत असून तोंड मिटलं, दोघांनीही विश्वासाच्या नावानं! आणि बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या. अशा ठिकाणी ज्याला बरं वाटत नाही त्यानं जायचं कुठे?

सोमवारी डॉक्टरांनी बराच वेळ तपासलं. उजव्या डोळ्याचं आता काही करता येणार नव्हतं. डाव्याला इंजेक्शन दिलं, पण किती टिकेल याची हमी दिली नाही.

"आधी आणलं असतं तर?" मंजूषानं विचारलं. विचारू नये हे कळत असूनही तिनं विचारलं.

डॉक्टर म्हणाले, "थोडं वाचलं असतं, माताजी."

बाहेर बाकावर दोघं बसली. दिलीपच्या डोळ्यावर पट्टी होती. दवाखान्यात गर्दी होती, कुणीतरी नंबर पुकारत होतं.

"तुम्ही का ऐकलंत माझं?" ती म्हणाली. "ओरडायचं होतं माझ्यावर. मारायचं होतं."

"तुझा चेहरा मला दिसत नव्हता," दिलीप म्हणाले. "पण लोक टाळ्या वाजवायचे ना, तेव्हा तुझा आवाज बदलायचा. किती वर्षांनी तू खूश होतीस गं. ते मोडवेना."

मंजूषाला हुंदका आवरेना. या माणसानं आपला डोळा तिच्या आनंदावरून ओवाळून टाकला होता, आणि तो आनंद किती हलका होता! आता काही परत येणार नव्हतं. ना डोळा, ना ते महिने. करण्यासारखंही काही उरलं नव्हतं. तिचे हात नेहमीप्रमाणे जोडले गेले, पण प्रार्थनेला शब्द मिळेनात. जन्मभर तिची प्रत्येक प्रार्थना 'दे' या शब्दानं सुरू झाली होती. त्या बाकावर, त्या गर्दीत, तिनं एवढंच म्हटलं, "देवा, आज मागायला काही नाही. तरी आलेय."

मंजूषाला उत्तर ऐकू आलं नाही. पुढच्या रविवारी मात्र ती चर्चला गेली आणि दिलीपचा हात धरून मागच्या रांगेत बसली.

बंधुभगिनींनो, आपली प्रार्थना ऐकली जाईल की नाही, हे आपल्या हातात नाही. बरं झालेल्यांसाठी टाळ्या जरूर वाजवाव्यात, पण जो बरा झाला नाही त्याच्यासाठीही आपल्या रांगेत जागा ठेवावी, नाहीतर तो खोटं बोलायला शिकेल. आणि आपण देवाच्या दारात नेमके कशासाठी उभे आहोत, हे ज्यानं त्यानं स्वतःला विचारावं. देवानं 'नाही' म्हणण्याआधीच विचारलेलं बरं. मंजूषानं उशिरा विचारलं, आणि त्या उशिराची किंमत दुसऱ्याच्या डोळ्यानं भरली.