मेला तर पास

शुक्रवार पेठेत मसाल्याच्या एका दुकानावर, पहिल्या मजल्यावर, प्रतिक्षाचं ऑफिस होतं. चार टेबलं, एक कूलर आणि दिवसभर खालून येणारा मिरचीचा ठसका. इथे यंत्रमागांसाठी कंट्रोलरच्या पेट्या बनायच्या. जुन्या मागाला ही पेटी जोडली, की चादरीवरची नक्षी पुठ्ठ्याच्या कार्डांऐवजी पेटीच्या मेमरीतून उतरायची.

नक्षीशी प्रतिक्षाचा संबंध नव्हता. पेटीच्या पोटात मेमरी वाटून देणारा एक छोटा प्रोग्राम होता, अ‍ॅलोकेटर. मागेल त्याला जागा द्यायची, काम झालं की परत घ्यायची, एवढाच त्याचा संसार. पण मागणारे काही सगळेच सरळ नसतात. कुणी एकच जागा दोनदा परत करतो, कुणी हद्दीच्या पलीकडे लिहून ठेवतो, कुणी परत केलेल्या जागेत पुन्हा जाऊन खुशाल बस्तान मांडतो. असा गैरवापर दिसला की अ‍ॅलोकेटरने त्याच क्षणी सगळं थांबवायचं. तो खरंच थांबवतो का, हे तपासायला प्रतिक्षा मुद्दाम बदमाश प्रोग्राम लिहायची. असे सव्वीस होते. चालवल्यावर प्रत्येकाने तिथल्या तिथे मरायला हवं. मेला तर पास, जगला तर नापास.

एका रविवारी ती घरी बसून हेच करत होती. सव्विसावा गेला तेव्हा ती ओरडली, "मेला एकदाचा!" तिची आई, भीमाबाई, पिठाच्या हातानं धावत बाहेर आली.

"कोण गं?"

"प्रोग्राम, आई."

"मग हसतीस काय अशी? शेजारी काय म्हनतील!"

सव्वीसच्या सव्वीस मेले होते. प्रतिक्षाला त्याचा फार अभिमान वाटला, आणि वाटायलाच हवा होता. पण पेट्या अक्कलकोट रोडच्या कारखान्यात बसल्या आणि आठ दिवसांत तक्रार आली, की माग एका पाळीत चार-चार वेळा आपोआप थांबतात. प्रतिक्षाला कारण लगेच दिसलं. नवी नक्षी आली की जुन्या नक्षीची जागा परत जायची, पण प्रोग्रामचा कुठला तरी भाग तो जुना पत्ता धरून तिथेच लिहीत बसायचा. अ‍ॅलोकेटर त्याला पकडत होता आणि पेटी थांबवत होता. शिकवलं होतं तेच करत होता बिचारा.

"तुझा पहारेकरी जरा जास्तच इमानदार निघाला," पृथ्वीराज म्हणाला. कंपनी त्याची होती.

"चोर कोण ते शोधायला दोन आठवडे द्या, सर."

"शनिवारी कारखानदार पेट्या परत पाठवतोय. गैरवापर दिसला तर नोंद करू दे, पण थांबवू नको. एक ओळ बदलायची आहे, प्रतिक्षा."

"सर, तो लिहितो ते कुठं जाऊन पडेल सांगता येत नाही. आज नक्षीतलं फूल बिघडेल, उद्या थांबवायचं बटणच बिघडेल." वायर वाचवायला मागाचं लाल बटणही पेटीतूनच नेलं होतं. ती अक्कलहुशारी कुणाची, हे दोघांनाही माहीत होतं. "बाईचा हात आत असताना बटण चाललं नाही तर? होऊ शकतं."

"होऊ शकतं," पृथ्वीराज म्हणाला. "झालंय का?"

तिच्या कामात 'होऊ शकतं' म्हणजे झालंच, आणि त्याच्या धंद्यात ते काहीच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेली. मागावर उभ्या राहणाऱ्या बाईनेच जर कारखान्याच्या मालकाला सांगितलं, की ही तपासणी काढू नका, आमचे हात त्यात असतात, तर तो ऐकेल, असा तिचा भाबडा हिशेब. सात नंबरच्या मागावर सावित्रम्मा होती. तीस वर्षं मागावर काढलेली बाई. प्रतिक्षा तिला खडखडाटातून बाहेर अंगणात घेऊन आली आणि सगळं समजावून सांगितलं.

"अम्मा, ती पेटी थांबते ते तुमच्यासाठीच."

"माज्यासाटी?" सावित्रम्मा म्हणाली. "माग थांबला की चादरीवर पट्टी पडती. पट्टी पडली की माल सेकंडला, भाव कमी. मालक म्हनतो, सातावरची म्हातारी काढा, लई थांबवती. थांबवती तुजी पेटी, नाव माजं."

"पण एखाद्या दिवशी बटण दाबूनही माग थांबायचा नाही. हात धागे ठोकणाऱ्या फणीत सापडला तर?"

"हात मी सांबाळते. दहाच्या दहा बोटं हाईत, बघ. तू तेवडं थांबनं काड, पोरी. तुज्या पाया पडते."

आजीच्या वयाची बाई खरंच वाकायला लागली. प्रतिक्षाने तिला दोन्ही दंडांना धरून उभं केलं, आणि तिथेच ती हरली.

शुक्रवारी तिने ती ओळ बदलली. मग सव्वीस बदमाश चालवले. सगळे जगले, म्हणजे सगळे नापास. असा अहवाल पाठवता येत नव्हता, म्हणून तिने परीक्षेचा नियमच उलटा केला. जगला तर पास. सव्वीसपैकी सव्वीस. तिला स्वतःची इतकी लाज वाटली, की त्या दिवशी तिने डबा उघडला नाही.

चोर शोधायचं राहूनच गेलं. पृथ्वीराजने तिला दुसऱ्या कामाला लावलं. दर गुरुवारी कारखान्यातून नोंदी यायच्या, तेवढ्या ती न चुकता वाचायची. दोन गुरुवार नक्षीच्याच जागा बिघडल्या होत्या. तिसऱ्या गुरुवारी तिला तोंडपाठ असलेला पत्ता दिसला. माग नंबर सात, सोमवार, सकाळी अकरा चाळीस. ती लाल बटणाची जागा होती.

तिने फोन लावला. कारखान्यात तो कुणाला ऐकू जाणार!

"काही झालं असतं तर कळलं असतं," पृथ्वीराज म्हणाला, तोवर ती जिना उतरली होती. स्कूटीवर सगळ्या रस्त्याने तिला फक्त ते दोन हात दिसत होते.

सावित्रम्मा सातावर धडधाकट उभी होती. मग तिला दिसलं, की माग चालू आहे आणि सावित्रम्माचा हात आत आहे, तुटलेला धागा सांधतोय. तिने धावत जाऊन लाल बटण दाबलं. माग चालतच राहिला. तिने पुन्हा दाबलं.

हात बाहेर काढून सावित्रम्माने तिचं बोट शांतपणे बटणावरून काढलं आणि कानाशी येऊन म्हणाली, "सोमवारपास्नं मेलंय ते."

"मग सांगितलं का नाही?"

"सांगितलं असतं तर तू परत थांबवाय लावलं असतंस की."

प्रतिक्षा भिंतीकडे पळाली आणि तिने मेन स्विच ओढला. आठच्या आठ माग थांबले. इतकी शांतता झाली, की मालक पंखा सोडून बाहेर आला. बटण बंद पडलंय, अपघात होईल, असं ती त्याला ओरडून सांगत राहिली. त्याने ऐकून घेतलं, आठ चादरींवर पडलेल्या आठ पट्ट्या पाहिल्या आणि सावित्रम्माकडे वळला.

"मावशी, उद्यापासून येऊ नका." मग शेजारच्या मागावरच्या बाईला म्हणाला, "शिवबाई, सहा-सात दोन्ही तूच बघ."

सावित्रम्माने पदराने हात पुसले आणि प्रतिक्षाकडे न बघता ती दाराबाहेर गेली. मालकाने स्वतः स्विच वर केला. माग सुरू झाले.

"त्याचं बटण चालत नाही," प्रतिक्षा शिवबाईच्या कानाशी ओरडली. "ऐकताय का? थांबणार नाही तो!"

"म्हाईत हाय," शिवबाई म्हणाली. "समद्यांस्नी म्हाईत हाय." आणि तुटलेला धागा शोधायला तिने हात आत घातला.